टेंभजाईचे डोळे

टेकडीखालच्या एका गावात एक बाई देवीचे टाक घडवायची. टाक म्हणजे देव्हाऱ्यात पुजायचा चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर देवीचा चेहरा उठवलेला. बाईचं नाव गोजराबाई पंचाळ. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती. सासऱ्यानं शिकवलेली विद्या तिच्या हातात होती, आणि तिच्या तोंडाला सगळं गाव वचकून होतं.

गावाची देवी टेंभजाई. मूर्ती म्हणाल तर मूर्ती नाही. टेकडीवरच्या देवळात नाकागालांसारखे उंचवटे असलेला एक उभा दगड, त्यावर तेलाशेंदराची पुटावर पुटं, आणि त्यात बसवलेले चांदीचे दोन मोठे डोळे. पंचक्रोशीत कुणाचं लग्न झालं, कुठे भाऊ वेगळे निघाले, की नव्या चुलीबरोबर देवीचा नवा टाक लागायचा. तो गोजराबाई ठोकून द्यायची. रोज घासूनपुसून देवीचं नाक झिजलं, की बाया जुना टाक पदराला बांधून तिच्याकडेच यायच्या.

शेजारच्या वाडीत दगडू ओतारी होता. तो पितळेचे टाक ओतायचा. गोजराबाईला त्याचं काम डोळ्यांनी बघवत नसे. भर बाजारात ती त्याला विचारायची, ही देवी केलीस की मांजर? दगडू हसून म्हणायचा, काकू, गरिबाला मांजरच परवडतं.

असं बरं चाललं होतं. एका दिवाळीत फटाक्यांच्या एका कारखान्यानं टेंभजाईचं चित्र खोक्यावर छापलं. आता फटाके फुटल्यावर खोकं कुठे जातं? रस्त्यावर. देवीचा एक डोळा गटारात, नाक कुणाच्या चपलेखाली. देवस्थानचे अध्यक्ष तात्यासाहेब घोरबांड संतापले. इथवर त्यांचं काही चुकलं नाही. कुणालाही राग येईल.

ते शहरात वकिलाकडे गेले. वकील म्हणाला, देवीच्या चेहऱ्याचा ट्रेडमार्क घ्या. म्हणजे ही खूण अमक्याची, अशी सरकारदरबारी नोंद होते आणि दुसऱ्या कुणी ती आपल्या मालावर लावली तर त्याला कोर्टात ओढता येतं. तात्यांनी देवीचा फोटो दिला, सह्या केल्या. यथावकाश कागद हातात पडला. फटाकेवाल्यानं माफी मागितली आणि खोकी बदलली.

तिथंच थांबायचं ना. पण हातात काठी आली की माणूस नुसतं कुत्रं हाकलून गप्प बसत नाही. तात्यांना वाटलं, चेहरा देवस्थानचा, तर टाकही देवस्थानचेच हवेत. शहरातून यंत्रावर दाबून काढलेले टाक आले आणि देवळाच्या खिडकीत मांडले गेले. मग नोटिसा निघाल्या. नवरात्रात मातीचे मुखवटे करणाऱ्या कुंभाराला गेली. लग्नपत्रिका छापणाऱ्याला गेली. दगडूला गेली. आणि गोजराबाईलाही गेली.

नोटिशीसोबत एक हमीपत्र होतं. गोजराबाई चौथी शिकलेली. तिनं ओळीखाली बोट धरून अक्षर न् अक्षर वाचलं. टेंभजाईचा चेहरा, डोळे, नाक, नथ किंवा तशी दिसणारी कोणतीही आकृती कोणत्याही धातूत, कोणत्याही कारणासाठी घडवणार नाही, असं तिच्याकडून लिहून हवं होतं. सही केली नाही तर खटला.

भाच्यानं सांगितलं, मावशी, लढू आपण. गोजराबाईनं विचारलं, कोर्टाच्या कागदावर काय लिहितील? भाचा म्हणाला, लिहितील टेंभजाई देवस्थान विरुद्ध गोजराबाई पंचाळ.

"मग नको," ती म्हणाली. "आईच्या समोर हात जोडून उभी राहीन. विरुद्ध नाही राहायची."

तिनं सही केली. ज्यावर पत्रा ठोकून देवीचा चेहरा उठवायचा, तो टाकाचा ठसा तेल लावून फडक्यात गुंडाळला आणि फळीवर ठेवून दिला. त्या दिवसापासून ती जोडवी आणि बाळांचे वाळे करू लागली. झिजलेले टाक घेऊन बाया यायच्या, ओट्यावर बसायच्या, चहा प्यायच्या आणि तशाच परत जायच्या. काही जणी देवळाच्या खिडकीतून यंत्राचा टाक न्यायच्या. चांगला चकचकीत असायचा. पण त्याचा पत्रा इतका पातळ, की दोन महिने घासल्यावर देवीच्या गालाला भोक पडायचं.

दीड वर्ष गेलं. माघात टेंभजाईनं खोळ टाकली.

खोळ टाकणं म्हणजे काय, तर शेंदराची पुटं चढत चढत इतकी जड होतात, की एक दिवस सगळं कवच आपोआप सुटून खाली येतं. चाळीस वर्षांत हे झालं नव्हतं. मागच्या वेळी तात्या चड्डीत होते. रीत अशी, की पडलेली खोळ डोळ्यांसकट वाजतगाजत नदीच्या डोहात सोडायची. अंगावरून उतरलेलं पुन्हा अंगावर चढत नाही. मग नवा शेंदूर आणि नवे डोळे. डोळे बसेपर्यंत गाभाऱ्याला पडदा, कुणाला दर्शन नाही.

खोळ डोहात गेली. शेंदूर लागला. चैत्री पुनवेची जत्रा सहा आठवड्यांवर आली होती. डोळे घडवायचा मान पिढ्यान्‌पिढ्या पंचाळांच्या घरचा. गुरवानं गोजराबाईला निरोप पाठवला. तिनं हमीपत्राची नक्कल त्याच्या हातात दिली आणि त्यातल्या एका शब्दावर बोट ठेवलं. तो शब्द होता, डोळे.

वकील शहरातला. देवी खोळ टाकते आणि नवे डोळे मागते, हे त्याला कसं ठाऊक असणार? ज्यांना ठाऊक होतं, त्यांनी सही घ्यायच्या आधी कागद वाचला नव्हता.

तात्यांना वाटलं, म्हातारी भाव खातेय. त्यांनी यंत्रवाल्यांना कळवलं. आठ दिवसांत डोळ्यांची जोडी आली. पण ते डोळे सपाट, आणि दगड गोल. गुरवानं मेण लावून कसेबसे चिकटवले. दुपारपर्यंत डावा डोळा घसरून गालावर आला. गुरवानं मुकाट्यानं दोन्ही काढले आणि पडदा ओढला. मग तात्यांनी दगडूला बोलावलं. दगडू म्हणाला की हमीपत्र त्यानंही दिलंय, मान पंचाळांचा आहे, आणि तसाही तो मांजरं करणारा माणूस.

जत्रा पंधरा दिवसांवर आली. गावात बाया बोलू लागल्या, की देवस्थानानं देवीला आंधळी करून बसवली. हे तात्यांच्या कानावर गेलं. मग ते चार विश्वस्तांना घेऊन स्वतः गोजराबाईच्या ओट्यावर आले. तिनं पाणी दिलं.

तात्यांनी नवा कागद आणला होता. त्यात लिहिलं होतं, की टेंभजाईचा टाक, डोळे, मुखवटा, सगळं यापुढं एकट्या गोजराबाईनं घडवावं. यंत्राचे टाक बंद. दगडूचे बंद, कुंभाराचे बंद. दुसऱ्या कुणी केलं तर देवस्थान बघून घेईल.

"गोजराकाकू," तात्या म्हणाले, "यापुढं पंचक्रोशीत देवीला फक्त तुमचा हात लागेल. याहून मोठा मान कुठला?"

गोजराबाईनं ओळीखाली बोट धरून कागद वाचला. हो म्हणावं, असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. दीड वर्ष ठशाला हात लागला नव्हता. टाकावर हातोडी पडली की होणारा आवाज तिला झोपेतही ऐकू यायचा. आणि दगडूची मांजरं कायमची बंद होतील, हेही मनात आलं. माणूसच ती.

मग तिनं कागद परत तात्यांच्या पुढ्यात सरकवला.

"तात्यासाहेब, माझ्या सासऱ्याच्या आज्यानं हा चेहरा घडवला, तेव्हा त्यानं कुणाला विचारलं होतं? देवळात गेला, डोळे भरून बघितलं आणि घरी येऊन ठोकला. दगडूनंही तेच केलं. त्याला जेवढं दिसलं तेवढं त्यानं केलं. त्याच्या टाकापुढंही बाया पदर पसरतात. तिथं आई ऐकत नाही, असं तुमच्या कागदात लिहिलंय का?"

एक विश्वस्त मध्येच म्हणाला, की एवढी भक्तीची गोष्ट आहे तर बाई टाकाचे पैसे कशाला घ्यायची?

"घ्यायची ना," ती म्हणाली. "चांदीचे घेतले, मजुरीचे घेतले. चेहऱ्याचे घेतले नाहीत. चेहरा माझा नव्हता. तुमचाही नाही."

तात्यांचा आवाज खाली आला. त्यांनी विचारलं, सगळ्यांना मोकळं सोडलं आणि उद्या पुन्हा कुणी फटाक्यावर छापलं तर काय करायचं?

"त्याला ओढा की कोर्टात. मी भाकरी बांधून साक्षीला येते. पण पुजायला घडवणारा कोण आणि खपवायला छापणारा कोण, एवढं ज्याला ओळखता येत नाही त्यानं देवळाचा कारभार करू नये."

एवढं ऐकून घ्यायची तात्यांना सवय नव्हती. ते उठले. अंगणापर्यंत गेले. तिथून टेकडीवरच्या देवळाकडे बघितलं आणि परत ओट्यावर येऊन बसले. त्यांनी विचारलं, सांगा, काय लिहायचं?

दुसऱ्या दिवशी देवळापुढं गाव जमलं. तात्यांनी ठराव स्वतः वाचला. आपला माल खपवायला देवीचा चेहरा वापरणाऱ्यावरच देवस्थान कागद चालवील. पूजेसाठी कुणीही, कशातही, आपल्या हातानं देवी घडवावी. सोनं, पितळ, माती, भिंत. परवानगी लागणार नाही. मग हमीपत्रं परत दिली. गोजराबाईनं पहिलं दगडूचं द्यायला लावलं, शेवटचं आपलं घेतलं आणि जाता जाता दगडूला सुनावलं, की आता तरी नाक नीट काढ.

मग ती गाभाऱ्यात बसली. दगडावर दोन्ही हात फिरवून तिनं उंचवटे आणि खोलगे बोटांनी वाचले. मऊ मेण दाबून त्याचा आकार उचलला. त्या आकारावर चांदीचा पत्रा धरून थोडा थोडा ठोकत नेला. तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी डोळे बसवले. ते जागच्या जागी असे बसले, की मधून केस जाणार नाही.

जत्रेच्या आधी पडदा उघडला. जुनी पुटं गेल्यामुळं देवी सडसडीत झाली होती. डोळे पूर्वीपेक्षा लहान आणि किंचित तिरके होते. चेहराच पालटला होता. आधीची टेंभजाई शांत वाटायची. ही आता उठून काहीतरी विचारील, अशी वाटत होती.

एका विश्वस्तानं खिशातून नोंदणीचा कागद काढला, त्यावरचा फोटो बघितला, देवीकडे बघितलं आणि तात्यांच्या कानाशी लागला. हा चेहरा कागदावरच्या चेहऱ्याशी जुळत नाही. आता पुन्हा नोंद करावी लागणार का?

तात्यांनी देवीवरची नजर काढली नाही.

"आधी पाया पड," ते म्हणाले.

तात्पर्य: देवाची राखण करायला नेमलेल्यानं राखणच करावी, देवाचा मालक होऊ नये. आणि सगळ्यांचं काढून एकट्या आपल्या ओंजळीत घातलेला मान, मग तो देवाच्या नावानं का मिळेना, घेऊ नये.