केसकरांचा कोट आणि स्वयंपाकघरातला नाग

सांगलीच्या एका वृत्तवाहिनीत चर्चेला पाहुणे बोलवायचं काम मुक्ता होनरावकडे होतं. पण संपादक नलावडेसाहेबांचं ठरलेलं असायचं. विषय कांद्याचा असो की क्रिकेटचा, तज्ज्ञ एकच, प्राध्यापक केसकर. अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या केसकरांचा कोट आता स्टुडिओतच टांगलेला असे.

एकदा विषय निघाला सापांचा. मुक्तानं डॉ. रेहाना मुजावरांचं नाव सुचवलं. बाईंची निम्मी हयात सापांच्या अभ्यासात गेलेली.

"त्यांचा चेहरा कोण ओळखतं?" साहेब म्हणाले. "केसकरांनाच बोलव. ते कशावरही बोलतात."

आणि केसकर बोलले, तेही चांगले अर्धा तास, खणखणीत आवाजात.

रविवारी सकाळी मुक्ताला साहेबांचा फोन आला. आवाज अगदी बारीक. स्वयंपाकघरात नाग शिरला होता आणि साहेब बायकोसह जेवणाच्या टेबलावर उभे होते.

"मुक्ता, सापातलं कळणारं कुणीतरी ताबडतोब पाठव."

"केसकरसरांना पाठवू?"

"अगं, त्यांना सापातलं काय कळतं?"

"साहेब, परवाच आपण त्यांच्या नावाखाली 'सर्पतज्ज्ञ' लिहून साऱ्या जिल्ह्याला दाखवलं."

मग साहेब पुटपुटले, "त्या मुजावरबाईंना विचार."

"तुमच्या घराजवळच राहतात त्या. आत्ताच निरोप धाडते, पाच मिनिटांत पोचतील," मुक्ता म्हणाली. "फक्त दारातून परत पाठवू नका. त्यांचा चेहरा कुणी ओळखत नाही."