गावाच्या नावाचे तळे

पूर्वी वेत्रपूर नगरात जितसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या न्यायसभेत अमात्य होते. त्यांचे नाव विनयदत्त. नगराच्या दक्षिणेला एक मोठे तळे होते. त्याच्या काठच्या गावातली माणसे तिथला लव्हाळा कापून चटया विणत, कमळकंद आणि शिंगाडे काढत आणि त्यावरच जगत. तळे कुणाचे, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. आपले हातपाय कुणाच्या मालकीचे, असे तरी कोण विचारतो?

त्या गावाची एक रीत होती. गावातले सर्वांत वडील माणूस गेले, की पुढच्या वर्षी लव्हाळा फुलेपर्यंत तळ्यात कुणी विळा लावायचा नाही. आपल्याबरोबर तळ्यालाही सुतक आहे, असे ते मानत. ते वर्ष सारे गाव दुसऱ्यांच्या शेतात राबून अर्धपोटी काढी. ही गोष्ट त्यांनी दरबारात कधी कळवली नव्हती. घरचे सुतक कुणी राजाला कळवायला जाते का?

इकडे राजाचा नियम असा होता, की जी जमीन किंवा जे पाणी हंगामभर कुणी वापरले नाही ते बेवारस समजावे. एका वर्षी गावातला म्हातारा तिरीट वारला आणि रीतीप्रमाणे विळे घरात गेले. काही महिन्यांनी राजाचा अधिकारी तिकडून गेला. लव्हाळा डोक्याच्या वर वाढलेला, पाण्यावर एक होडी नाही. त्याने तळे बेवारस ठरवले. मणिकंठ नावाच्या श्रेष्ठीला उसाच्या मळ्यासाठी जागा हवीच होती. त्याने ते मागितले आणि राजाने दिले.

तिरीटाची विधवा वेणिका दरबारात आली. "महाराज, आम्ही तळं टाकलेलं नाही. ते सुतकात आहे," ती म्हणाली.

राजा स्वभावाने वाईट नव्हता. तो म्हणाला, "माई, तुमचे हाल होणार नाहीत. श्रेष्ठी तुम्हा सगळ्यांना मळ्यात काम देणार आहे."

"म्हणजे आमच्याच ताटातलं तो आम्हाला वाढणार, आणि वर आम्हीच त्याचे उपकार मानायचे!" वेणिका म्हणाली. सभेत काही जण हसले. हसणाऱ्यांच्या घरी तिच्या गावच्याच चटया अंथरलेल्या होत्या, पण ते कुणाच्या ध्यानात आले नाही.

बोधिसत्त्व स्वतः तळ्यावर जाऊन आले आणि राजाला म्हणाले, "महाराज, राखून ठेवणे हाही वापरच आहे. इतके महिने विळा लागला नाही म्हणून तिथे पाखरांनी घरटी केली आहेत, कंद पोसले आहेत. हे तळे कायद्याने गावाच्या नावावर करा. गावाच्या सभेने होकार दिल्याशिवाय ते कुणालाही, तुम्हालासुद्धा, देता येऊ नये."

राजा चपापला. "गावाच्या नावावर कधी कुणी काही केले आहे का? त्यापेक्षा तळे मी तुम्हालाच देतो. तुमच्याविरुद्ध मणिकंठ तोंड उघडणार नाही. तुम्ही दयाळू आहात, गावाला खुशाल वापरू द्या. आजच दवंडी पिटवतो."

दरबारातल्या सर्वांना हा तोडगा पसंत पडला. बोधिसत्त्व म्हणाले, "महाराज, मग त्यांचे जगणे माझ्या दयेवर राहील. मी आज आहे, उद्या नसेन. मला हे घेता येत नाही."

राजा रागावला. पौर्णिमेपर्यंत विचार करतो, असे म्हणून तो उठून गेला.

मणिकंठाने मात्र वाट पाहिली नाही. तळे हातचे जाणार याचा वास लागताच त्याने माणसे लावून बांध फोडला. सारे पाणी वाहून गेले. उघडा पडलेला लव्हाळा वाळला, तेव्हा त्याने तो पेटवून दिला. परत देण्यासारखे काही उरूच नये, हा त्याचा हिशेब. पिलांसकट घरटी जळाली. गावातली माणसे काठावर उभी राहून पाहत होती, आणि त्यांना विझवायलाही पाणी नव्हते.

तेव्हा राजाला लाज वाटली. त्याने बोधिसत्त्वांनी सांगितला तसाच हक्क गावाला दिला आणि दवंडी पिटवली. पण हक्क मिळाला तो राखेवरचा आणि भेगाळलेल्या चिखलावरचा.

वेणिका बोधिसत्त्वांना म्हणाली, "बाबा, तुम्ही त्या दिवशी हो म्हणाला असता, तर तळं वाचलं असतं."

"हो, वाचलं असतं," बोधिसत्त्व म्हणाले. त्यांनी अमात्यपद सोडले, गावाबाहेर झोपडी बांधली आणि फुटलेल्या बांधावर मातीच्या पाट्या वाहू लागले. गाव त्यांच्याशी फारसे बोलत नसे. पाणी साचायला अनेक पावसाळे लागले. लव्हाळा जेमतेम वितीएवढा झाला, त्या हिवाळ्यात वेणिका गेली. शेवटची कितीतरी वर्षे तिने लोकांच्या शेतातच राबून काढली.

पुढे जितसेनाचा मुलगा गादीवर आला. त्याला तळ्यावर स्वतःच्या करमणुकीसाठी विहारवन हवे होते. गावाची समजूत काढायला त्याने आपला अमात्य पाठवला. तो अमात्य म्हणजे बोधिसत्त्वांचा मुलगा समुद्रदत्त. बाप त्याला बांधावर भेटला.

"बाबा, तुम्ही दोन शब्द सांगा ना गावाला. माझं पद पणाला लागलंय."

"मी या गावचा नाही. सभेत मला बोलता येत नाही. आणि तू मागतोस ते माझ्या हातात नाही."

मुलगा खिन्नपणे म्हणाला, "तेव्हा तळं तुम्ही घेतलं असतं, तर आज ते माझं असतं. मी ते राजाला देऊन टाकलं असतं."

बोधिसत्त्वांनी होकारार्थी मान हलवली.

गावाची सभा भरली. वेणिकेची सून उभी राहिली आणि म्हणाली, "नाही द्यायचं." सगळ्यांनी तिला दुजोरा दिला. कायद्यापुढे राजाचे काही चालले नाही. समुद्रदत्ताचे पद गेले. तो पुन्हा बापाला भेटायला आला नाही. बोधिसत्त्व मरेपर्यंत पाट्या वाहत राहिले.

आपल्या पूर्वजन्माची ही गोष्ट सांगून शास्ते भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा जितसेन राजा म्हणजे आजचा भिक्षू आनंद. मणिकंठ हा देवदत्त होता. वेणिका म्हणजे ही दारापाशी बसलेली म्हातारी उपासिका, आजही ती माझ्याशी फारशी बोलत नाही. आणि विनयदत्त अमात्य मीच होतो. भिक्षूंनो, गावाला तळे मिळाले याला दान म्हणू नका, ते त्यांचेच होते. आपल्या निश्चयाची किंमत दुसऱ्यांनी मोजली हे डोळ्यांनी पाहूनही तो निश्चय न सोडणे, आणि त्या माणसांना सोडून न जाणे, ही अधिष्ठान पारमिता."