हळदीचा हात

सांगणाऱ्याची शाळा आठवीतच सुटली. ऱ्हस्वदीर्घ चुकेल, शब्दही घरातलेच असतील. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

"मग आता कुठला कागद कुठं आहे, हे कुणाला ठाऊक?" उमागीरबुवांनी विचारलं.

"सगळ्यांना, बुवा. ज्याच्या हातात फोन आहे त्याला." निवासनं लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. "चारशे बारा कागद अपलोड केले. जमीन वेगळी, कोर्ट वेगळं, लग्नपत्रिका वेगळ्या. प्रत्येकाला नंबर."

टेकडीवरचा हा मठ दगडी छपराचा. खाली वस्तीत पावसाळ्यात घरं गळतात, म्हणून लोक महत्त्वाचा कागद मठात आणून ठेवत. रीत अशी होती, की ज्याचा कागद त्यानं आपल्याच घरच्या चिंधीत बांधायचा आणि माळ्यावर ठेवायचा. कोण कुणाची गाठ सोडत नसे.

गेल्या वर्षी माळ्याला वाळवी लागली. तेव्हा गावानंच निवासला सांगितलं, की तुला फोनमधलं कळतं, यातून वाचवता येईल तेवढं वाचव. सहा महिने तो त्यातच होता. गाठी सोडायच्या, फोटो काढायचे, फोटोतले डाग साफ करायचे, चढवायचे.

"यात मी कुठं आहे?" बुवांनी विचारलं.

"तुम्ही पाहणाऱ्यांत. सगळं गावच पाहणाऱ्यांत आहे. हलवाहलवी, नावं बदलणं... ते मला एकट्यालाच करता येतं. नाहीतर आठ दिवसांत उकिरडा होईल."

"बरं झालं. मला काम नाही राहिलं."

निवास हसला नाही. त्याला वाटलं होतं, बुवा एकदा तरी शाबास म्हणतील.

तेवढ्यात हौसाबाई चढ चढून आल्या आणि पायरीवर बसून दम खाऊ लागल्या. वय सत्तरीच्या पुढं.

"बुवा, माझं गाठोडं द्या. उद्या मोजणी हाय. पुतण्यांनी बांधावर काटं टाकलं. म्हणत्यात, तुझी वाट हितनं नव्हतीच कधी. माझ्या दाराला दुसरी वाट न्हाई."

"निवासकडं आहे," बुवा म्हणाले.

निवास सरसावून बसला. "कुठल्या सालचा कागद, आजी?"

"मला काय म्हाईत."

"नंबर सांगितला होता मी सगळ्यांना."

"हिरव्या चिंधीत हाय. आईच्या लुगड्याची चिंधी."

"चिंध्या नाहीत आता. कागदात काय लिहिलंय ते सांगा."

"वाचता आलं असतं तर तुज्याकडं कशाला आले असते, लेकरा?"

निवासनं जमिनीचं फोल्डर उघडलं. वाट लिहून पाहिलं, बांध लिहून पाहिलं, रस्ता लिहून पाहिलं. हौसाबाईंचं नाव लिहिलं, त्यांच्या नवऱ्याचं लिहिलं.

काही नाही...

कान तापले त्याचे. उद्याची मोजणी, आणि म्हातारी त्याच्याच तोंडाकडं बघत होती.

"चिंध्या फेकल्यास?" बुवांनी विचारलं.

"नाही. पोत्यात आहेत. फरशी पुसायला होतील म्हणून..."

बुवा उठले, पोतं ओढत आणलं आणि हौसाबाईंपुढं उलटं केलं. चार-पाच चिंध्या बाजूला झाल्या आणि सहावी त्यांनी उचलली. नाकाशी नेली. 

"सांगा," बुवा म्हणाले. "त्या दिवसाचं सांगा."

"माप ओलांडून आले, तवा चुलतसासऱ्यांनी आहेर म्हणून वाट दिली. म्हणालं, सूनबाई, लुगडं फाटंल, वाट न्हाई फाटायची. कागद कुठला हाताशी? हुती तीच पत्रिका उलटी करून त्यावर लिवलं. मला सही येत नव्हती. अंगठ्याला शाई न्हवती. म्हणून हळदीचा हात उठवला. अख्खा."

निवासचा हात लॅपटॉपवरच राहिला.

एका लग्नपत्रिकेवर मोठा पिवळा डाग होता. पाठीमागून उमटलेला. त्याला तो चांगला आठवत होता, कारण घालवायला अर्धा तास लागला होता. पत्रिकेची मागची बाजू त्यानं पाहिलीच नव्हती.

तो उठला. कपाटातून लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढला. सतरावी पत्रिका उलटी केली.

चार ओळी, चुलतसासऱ्यांची सही, आणि त्याखाली एक लहानसा, पाच बोटांचा पिवळा पंजा.

हौसाबाईंनी आपला हात त्यावर ठेवला. हात आता त्यापेक्षा मोठा होता, बोटं वाकडी झालेली.

"माझाच," त्या म्हणाल्या.

"आजी, मी डाग समजून..." निवास म्हणाला.

"ऱ्हाऊ दे. सापडला न्हवं?" त्यांनी कागद हिरव्या चिंधीत घातला आणि गाठ मारली. गाठ जरा जास्तच आवळून मारली. मग टेकडी उतरून गेल्या.

बुवा चिंध्या गोळा करत होते. निवासही खाली बसून गोळा करू लागला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी निवासनं अंघोळ केली, लॅपटॉप घेऊन पायरीवर बसला आणि पाहणाऱ्यांची यादी काढली. एकेका नावापुढं बदल करण्याची परवानगी देत गेला. शेवटचं नाव उमागीरबुवांचं होतं. तेही झालं. मग लग्नपत्रिकांतल्या सतराव्या नंबरचं नाव त्यानं पुसलं आणि लिहिलं, हौसाबाईंची वाट.

बुवा तुळशीला पाणी घालत होते.

"बुवा, सगळ्यांना मोकळं केलं. ज्यानं त्यानं आपल्या कागदाला आपलं नाव द्यावं."

"हं."

"पण भीती वाटते. कुणी काही भलतीकडं हलवलं, पुसलं... आणि सापडेनासं झालं तर?"

बुवांनी तांब्या खाली ठेवला.

"तर ते सांगायला वर येतील. बसायला घोंगडी झटकून ठेव."