वसतिगृहातला गप्प संगणक

एकदा एक शिष्य एका संगणकावर इतका वैतागला, की त्या यंत्राचे नाव काढले तरी त्याच्या कपाळावर आठी उमटू लागली. शिष्याचे नाव दिगंबर. तालुक्याच्या गावी एक वृद्ध गुरुजी जुने संगणक नीट करायला शिकवीत, त्यांच्यापाशी तो ही विद्या शिकत होता. हात चपळ, बुद्धी तल्लख, धीर मात्र बेताचा. गुरुजींना काही विचारले की ते आधी चष्मा पुसत आणि मग उत्तर देत. तेवढ्या अवधीत दिगंबरने उत्तराची वाट पाहणे सोडून दिलेले असे.

गावाबाहेर अंध मुलींचे एक वसतिगृह होते. तिथे कुणीतरी जुना संगणक दान दिला होता, पण तो चालता चालता धापा टाकी. मुलींची बारावीची परीक्षा तोंडावर आली होती. ब्रेलमधली सगळी पुस्तके मिळाली नव्हती, आणि वाचून दाखवणारे माणूस रोज येतेच असे नाही. संगणकाने धडे वाचून दाखवले तर मुलींचे वर्ष वाचणार होते. वसतिगृहाच्या कुंदाताई ही अडचण घेऊन गुरुजींकडे आल्या. त्या यंत्रावर लिनक्स नावाची हलकी प्रणाली बसवायची आणि तिच्यातला वाचणारा आवाज सुरू करून द्यायचा, एवढे काम गुरुजींनी दिगंबरला सांगितले.

दिगंबरची एक सवय होती. डॉक्टरच्या गळ्यात नळी असते तसा त्याच्या गळ्यात दोरीला बांधलेला पेनड्राइव्ह असे, आणि लिनक्स त्यातच भरलेले असे. कोणत्याही यंत्रापुढे गेला की आधी तो पेनड्राइव्ह यंत्रात खोचायचा, मग खुर्ची ओढायची. वसतिगृहातही त्याने तेच केले. प्रणाली बसताना पडद्यावर एकामागून एक प्रश्न येत होते. दिगंबर ते न वाचता ‘पुढे, पुढे’ करीत गेला. शेवटी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, तर आतून स्वच्छ मराठी आवाज आला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. हौसा नावाच्या मुलीने लगेच इतिहासाचा धडा लावला. दिगंबरने पेनड्राइव्ह गळ्यात घातला आणि तो ऐटीत घरी गेला.

सकाळी कुंदाताईंचा फोन आला. यंत्राचा पंखा फिरतो आहे, पण आवाज नाही. काळ्या पडद्यावर एकच ओळ आहे, की सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

दिगंबर तातडीने गेला. पेनड्राइव्ह खोचला, बटण दाबले, आणि त्याने काहीही करण्याआधीच यंत्र मुकाट्याने सुरू होऊन बोलू लागले. हे त्याला बिघाडापेक्षा जास्त झोंबले. बिघाड दिसला असता तर त्याची मान धरता आली असती. दुखणे वैद्याला पाहून पळते आणि वैद्याची पाठ वळली की परत येते, याला काय करावे?

त्याने विचार केला, की हा दोष बूटलोडरचा असावा. यंत्र जागे झाले की सर्वांत आधी बूटलोडर नावाचा एक चिमुकला प्रोग्रॅम उठतो आणि बाकीची प्रणाली कुठे ठेवली आहे ते यंत्राला दाखवतो. वाट दाखवणाराच गडबडत असेल तर यंत्र बापडे काय करील! दिगंबरने त्याची जुळणी बदलली, थांबायचा वेळ वाढवला, क्रम फिरवला. यंत्र पुन्हा सुरू केले, ते बोलले. तो घरी गेला. सकाळी पुन्हा फोन.

मग त्याने पेनड्राइव्ह नव्याने भरला आणि सारी प्रणाली पुसून मुळापासून परत बसवली, त्याच घाईने, तेच ‘पुढे, पुढे’ करीत. त्याच्यासमोर सगळे उत्तम चालले, आणि सकाळी यंत्र गप्प.

आता मात्र त्याचा संयम सुटला. तो मुलींची उलटतपासणी घेऊ लागला. कोणते बटण दाबता, वायर कोण ओढते, सफाई करताना कोण धक्का देते.

“दादा, बटण एकच आहे,” हौसा म्हणाली. “आणि ते न बघता दाबायची आम्हाला जन्माची सवय आहे.”

तिची मैत्रीण अनिसा म्हणाली, की दादा आले की यंत्र शहाण्यासारखे वागते, तेव्हा दादांनी अंथरूण घेऊन इथेच राहायला यावे. मुली खुदखुदल्या. दिगंबरला ते हसणे सहन झाले नाही. डोळे नसलेल्यांच्या हाती यंत्र दिले की असेच व्हायचे, असे तो कुंदाताईंना म्हणाला. मुलींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. तो चप्पल घालीत असताना कुंदाताई एवढेच म्हणाल्या, की यंत्र उद्या चालले नाही तर त्या ते परत पाठवून देणार. आशा लावून मुलींचा आहे तोही अभ्यास बुडतो आहे.

गुरुजींपुढे दिगंबरने सगळे रडगाणे गायिले. गुरुजींनी चष्मा पुसला आणि ‘सकाळी मी येतो’ म्हणाले.

सकाळी दोघे गेले. दिगंबरने पेनड्राइव्ह खोचला, बटण दाबले, यंत्र बोलले. “बघा,” तो हात उडवून म्हणाला, “आहे का यात काही?”

गुरुजींनी यंत्र बंद केले. दोरी धरून पेनड्राइव्ह उपसला आणि स्वतःच्या गळ्यात घातला. मुलींना म्हणाले, “पोरींनो, आम्ही निघालो. तुम्ही सुरू करा.” मग दिगंबरचा दंड धरून त्याला बाहेर आणले, दार ओढून घेतले आणि कडुलिंबाच्या पारावर जाऊन बसले. दिगंबरला काही उमगेना. आत थांबून बघायला नको का, असे त्याने दोनदा विचारले. गुरुजी पारावरचा पाचोळा झाडीत होते.

आतून पंख्याची घरघर ऐकू आली. आवाज नाही. थोड्या वेळाने कुंदाताईंनी खिडकीतून सांगितले, की पडद्यावर तीच ओळ आली आहे.

दिगंबर ताडकन उठला. “गुरुजी, आधी तो पेनड्राइव्ह द्या. तो लावल्याशिवाय ते सुरूच...”

वाक्य तोंडातच राहिले. तो गुरुजींच्या गळ्यातल्या दोरीकडे पाहू लागला.

“बस जरा,” गुरुजी म्हणाले. “प्रणाली तू त्यांच्या यंत्रात ठेवलीस. तिची वाट दाखवणारा मात्र तुझ्या गळ्यात येऊन बसला. रोज तू आपल्या चावीने दार उघडून दाखवलंस, चावी घेऊन घरी गेलास, आणि ज्यांच्या हाती चावीच नव्हती त्यांना म्हणालास, की तुम्हाला दार उघडता येत नाही. बाळ, स्लॅब टिकला की नाही हे गवंडी टेकू काढल्यावर बघतो. टेकू लावलेला असताना सगळेच स्लॅब उभे असतात.”

दिगंबर पेनड्राइव्ह मागून घेऊन आत गेला. या खेपेस बूटलोडर पुन्हा बसवताना त्याने प्रत्येक प्रश्न वाचला. बूटलोडर कोणत्या डिस्कवर ठेवू, असा एक साधा प्रश्न होता. ते जुने यंत्र खोचलेल्या पेनड्राइव्हलाच पहिली डिस्क समजत होते, आणि दिगंबर दर वेळी पहिल्या नावावर होकार देऊन मोकळा झाला होता. त्याने यंत्राची स्वतःची डिस्क निवडली. काम थोडक्यात आटोपले.

मग तो मुलींकडे वळला. बोलणे त्याला जड गेले. “चूक माझी होती,” तो म्हणाला. “आणि काल जे बोललो, ती त्याहून मोठी.”

“बरं,” हौसा म्हणाली. “आता तुम्ही बाहेर जा, म्हणजे कळेल.”

पेनड्राइव्ह मुठीत धरून तो बाहेर आला आणि दार त्याने स्वतः ओढून घेतले. पारावर गुरुजींनी त्याला सरकून जागा दिली. आत पंखा घरघरला. घरघर लांबली, आणि दिगंबरचे गुडघे उठण्यासाठी आपोआप ताठ झाले. पण तो बसून राहिला. मग आवाज आला. धडा सुरू झाला, अडला, एकीने दुसरीला काहीतरी सांगितले, आणि तो पुन्हा चालू लागला.

दिगंबर कान देऊन ऐकत होता. आतून त्याला कुणीही हाक मारली नाही, आणि आयुष्यात प्रथमच त्याला त्याचे फार बरे वाटले.