आईच्या खाटेजवळची भिंत

"बुवा, आणखी किती खडबडीत पाहिजे?"

मुकुंदाने दुसऱ्यांदा विचारलं. हरनाथबुवा डोळे मिटून ओल्या भिंतीवर हात फिरवत राहिले.

मुकुंदा शिकलेला माणूस. पूल बांधणारा इंजिनियर. तालुक्याला तिसऱ्या मजल्यावर घर. गावचं मातीचं घर पडलं तेव्हा आईला, कोंडाबाईला, इथं आणलं. म्हातारीला आता काही उमगत नाही. रोज तिन्हीसांजेला इथली गुळगुळीत भिंत चाचपते, "हे माझं घर न्हवं," म्हणते आणि चपला घालून निघते. परवा हमरस्त्यावर ट्रकपुढं सापडली.

म्हणून याने खाटेजवळची भिंत गावासारखी करायला घेतली. मोबाईलवर बघून. शिकलेल्याला विचारायची लाज असते. रंग खरवडला, माती, शेण, भुसकाट कालवून थापलं, वरून दातेरी पत्र्याने रेघा ओढल्या. बोटाबोटाच्या अंतराने, मोजून. म्हातारीने हात लावला आणि चपला शोधल्या. पुन्हा केली. पुन्हा चपला.

ही तिसरी. आता मात्र गावच्या मठातून बुवांना गाडीत घालून आणलं होतं. मठाच्या भिंती ते स्वतः लिंपतात.

म्हातारी लेकीकडे गेलेली. पाचला येणार. लेकीने बजावलं होतं, आज ही निघाली तर दाराला बाहेरून कुलूप. नवं कुलूप टेबलावरच पडलं होतं.

साडेतीन झाले.

"बुवा, काहीतरी बोला."

"गावची भिंत कोण लिंपायचं?"

"आईच."

"खडबडीत व्हावी म्हणून लिंपायची?"

मुकुंदाने पत्र्याच्या दातांवरून बोट फिरवलं.

बुवांनी थापी उचलली आणि वरपासून खालपर्यंत सगळी माती खरवडून काढली. मुकुंदाने घड्याळाकडे बोट दाखवलं.

"अहो, दीड तास राहिलाय!"

बुवांनी दातेरी पत्रा खिडकीबाहेर टाकला. थापी स्वतःच्या बुडाखाली घेऊन बसले. मातीचा एक गोळा मुकुंदाच्या तळहातावर ठेवला.

"लाव."

"आणि मग?"

"सपाट कर."

"सपाट? बुवा, सपाट भिंती या खोलीत तीन आहेत. मला खडबडीत..."

"ऐकलं मी. सपाट कर."

वाद घालायला वेळ कुठं होता? मुकुंदाने शर्ट काढला. माती लावली, हाताने दाबली, ओढली. एका जागी बसवावी तर शेजारी फुगायची. पाणी लावावं तर बोटं उमटायची. घाम डोळ्यांत जात होता, नजर घड्याळावर. चार. सव्वाचार. पावणेपाच.

"होत नाही हो. कुठं उंच, कुठं खोल."

"कर."

बेल वाजली.

लेकीचा हात धरून म्हातारी आत आली. खोलीच्या दारात थांबली. मुकुंदाच्या हातातून माती ठिबकत होती. लेकीने भिंतीकडे पाहिलं, मग टेबलावरच्या कुलपाकडे.

म्हातारी भिंतीपाशी गेली. तळहात टेकला.

काढला.

मुकुंदाची नजर दाराशी काढलेल्या चपलांकडे गेली.

"कुणी केलंय हे?" म्हातारी म्हणाली. "सगळं वर-खाली."

"मी केलंय, आई."

"सर तिकडं. कामाचा न्हाईस."

तिने पदर खोचला. मातीच्या घमेल्यात हात बुडवला आणि भिंतीवरून फिरवला, खांद्यापासून कमरेपर्यंत, एका वळणात. मग दुसरा. उंचवटा दिसला की ती तो दाबायची, जीभ टाळ्याला लावून च्च करायची, पुन्हा पाणी घ्यायची. तिन्हीसांज झाली. चपला दाराशीच राहिल्या.

मुकुंदाची काळजी मात्र जाईना. तो बुवांजवळ सरकला, हळूच म्हणाला,

"बुवा, तिने खरंच सपाट करून टाकली तर? उद्या परत हात लावेल आणि..."

बुवा बादलीत हात धूत होते.

"चाळीस वर्षं तेच करत होती," ते म्हणाले. "झाली होती का कधी?"