अडलेल्या उपासाची कहाणी

हातातल्या अक्षता घट्ट धरा बायांनो, आणि ऐका. आटपाट नावाचं नगर, तिथं एक राणी. तिनं अन्नपूर्णेचा वसा घेतला. काय वसा घेतला? गरिबाच्या लेकरांना रोज ताजं रांधून वाढीन, मोल घेणार नाही.

वेशीपाशी येसू बुरडीण राही. नवरा रानात बांबू तोडी, ती सुपं विणी. पोर चिमी, भुकेनं काटकुळी, भिंत धरून चाले. राणीनं पंगत मांडली. मग चिमीला मुगाचं वरण मिळालं, माठाची भाजी मिळाली, ताक-भाकरी मिळाली. मग पोर भिंत सोडून धावली. येसूचा घोर मिटला, विणायला हात मोकळा झाला. मग छप्पर शाकारलं, दारी शेळी आली.

मग काय झालं? राणी उतली, मातली, वाढायला येईनाशी झाली. वरणाचं पाणी झालं, भाजी गेली, पिठात अळ्या वळवळल्या. येसू आचाऱ्याकडे गेली. "फुकटचं आहे ना? गप गिळ." कारभाऱ्याकडे गेली. "फुकटचं खाऊन वर तोंड करतेस?" राणीच्या दारी गेली. दासीनं दार लावलं. फुकटचं म्हणे! जीभ कशी झडली नाही मेल्यांची! इकडे चिमीनं पुन्हा भिंत धरली.

वर्ष सरलं, उद्यापन आलं. गरिबाघरची सवाष्ण जेवावी, ती जेवेल तेच खाऊन राणीनं उपास सोडावा, अशी रीत. येसूला बोलावणं गेलं. पाटावर बसवलं, पाय धुतले, ओटी भरली. राणीनं पुरणपोळी वाढली. येसू जेवेना. खीर वाढली. जेवेना. केशरी भात वाढला. जेवेना.

"बाई गं, माझा उपास अडलाय. तुला हवं तरी काय?"

"माझी चिमी जेवते ते वाढा, बाईसाहेब."

तीच भाकरी आली. येसूनं घास घेतला, गिळला. राणीनं घास घेतला, थुंकली.

"थुंकलात? माझी पोर रोज गिळते हो! दुसरं देतं कोण तिला?"

राणीची मान खाली गेली. मग उपाशीपोटी उठली, पदर खोचला, दळण दळलं, वरण शिजवलं, भाजी फोडणीला टाकली. आधी चिमी जेवली, मग येसू जेवली, मग राणीचा उपास सुटला. त्या दिवसापासून राणी रोज त्याच पंगतीत, त्याच भांड्यातलं जेवू लागली.

जशी चिमी भिंत सोडून पुन्हा धावली, तशी तुमची आमची, वेशीबाहेरची पोरं धावोत. फुकटचं म्हणून हिणवणाऱ्याच्या पानात तीच अळ्यांची भाकरी पडो. पुष्कळ उत्तरांची कहाणी थोडक्या उत्तरांत सुफळ झाली. टाका अक्षता.