पुढच्या माणसाचे बूट

"...मग ह्यातला कुठला नेऊ, बुवा?"

मठाच्या ओट्यासमोर बुटांचे दोन जोड मांडून जोतिराम अनवाणी उभा होता. उद्या सकाळच्या गाडीने त्याला पलटणीत परतायचं होतं. सुट्टी संपली की जवानाचं तोंड उतरतंच, पण ह्याचं जरा जास्तच उतरलं होतं.

सुभेदारबुवा तंबाखू मळत राहिले. फौजेतून उतरल्यावर ते घरी गेलेच नाहीत. थेट ह्या टेकडीवरच्या मठात आले आणि इथलेच झाले. गावातली पोरं भरतीला जायच्या आधी त्यांच्या हाताखाली पळायची, दंड काढायची आणि पोटभर शिव्या खायची. जोतिराम त्यांचाच चेला. पहिल्याच खेपेला भरती झाला, आता नाईक होता, आणि त्याचा त्याला तोराही होता.

"बघून घेतलास का जोड?" बुवांनी विचारलं.

"व्हय तर. सांजच्याला घालून बघितला. दिवसभर चालून पाय सुजतो, त्या मापाचा."

"मोजे?"

"लोकरीचे घालूनच."

"टाच?"

"उचलत न्हाय. बोटांच्या म्होरं अंगठ्याएवढी जागा हाय. शिवण दुहेरी, पाणी शिरत न्हाय." जोतिराम धडाधडा बोलत सुटला. "ह्यो पलटणीचा. जड हाय, तळ दातेरी. कितीबी तुडवा, मरत न्हाय. आन् ह्यो शहरातनं आणलाय. तळ मऊ, गुळगुळीत. पायात घातला तरी घातलाय असं वाटत न्हाय."

"समदं तुला ठावं हाय. मग मला कशाला इचारतूस?"

जोतिरामने हलका जोड उगाच उलटापालटा केला.

"ताकाला येऊन भांडं लपवतूस व्हय रं?"

"भ्या वाटतंय, बुवा."

एवढं बोलला आणि तो पैलवानी अंगाचा गडी मटकन खाली बसला.

मग एकेक बाहेर आलं. सीमेवर त्याच्या तुकडीची गस्त एका उतारावरून जायची. त्या उतारात जुने सुरुंग पुरलेले होते. कधीकाळी त्यांच्या जागा ठाऊक होत्या. पण दरसाल बर्फ वितळतं, माती सरकते, आणि मातीबरोबर तेही सरकतात. म्हणून तिथली रीत अशी, की एकाने पुढे चालायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या पावलात पाऊल टाकत यायचं. इतकी वर्षं पुढे चालायचा तो हरिबा जगदाळे. एक दिवस त्याचा पाय गेला.

"बूट लांब जाऊन पडला, बुवा. लेस बांधल्याली तशीच व्हती..."

आता परतल्यावर पुढे जोतिरामने चालायचं होतं. हुकूम झाला तेव्हा तो छाती काढून 'जी सर' म्हणाला होता. सुट्टीवर आला आणि त्याचं सगळं अवसान गळालं. स्वतःच्या रानात बांधावरच्या गवतात पाय ठेवायला तो धजेना. अंगणातसुद्धा बायको चालून गेली, की तिच्या पावलांवर पाय ठेवत जायचा. आधी ती हसली. मग तिच्या लक्षात आलं, तशी ती हसायची थांबली.

"ह्यो हलका घातला, की पाऊल अलगद पडतंय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "जिमिनीला कळतबी न्हाय."

सुरुंगाला हलका पाय काय नि जड पाय काय, सारखाच. हे जोतिरामला शिकवलेलं होतं. नव्या पोरांना तो स्वतःच शिकवायचा. पण भ्यालेल्या मनाला असलं काही सांगून पटत नाही.

बुवा उठले. तंबाखू दाढेखाली धरली, काठी घेतली आणि कळशी जोतिरामच्या हाती दिली.

"तहान लागलीया. चल, झऱ्यावरनं पाणी आणू. हलका घाल पायात. जड गळ्यात अडकव."

मठामागे तळं होतं. उन्हाळ्यात ते आटायचं आणि मधोमध एक झरा तेवढा जिवंत राहायचा. पण आटलं म्हणून कुणी त्यात उतरत नसे. वर पापुद्रा धरलेला असे आणि खाली गाळ. मागे एक म्हैस त्यात उतरली, ती दोर लावूनही निघाली नव्हती. झऱ्यापर्यंत गाळाखालून एक जुना दगडी बांध गेला होता, वाकडातिकडा, एका माणसापुरता. त्यावर चार बोटं चिखल असे, त्यामुळे वरून तो दिसत नसे. रोज पाणी आणणाऱ्यांच्या पावलांवरून वाट कळायची. काल वळीव झाला, ती पावलंही धुऊन गेली आणि उन्हाने वर नवा पापुद्रा धरला होता.

"तू म्होरं हो," बुवा म्हणाले. "मला मोतीबिंदूनं नीट दिसत न्हाय. मी तुझ्या मागनं येतो."

जोतिरामला बांध पाठ होता. भरतीच्या वर्षी ह्याच वाटेने त्याने किती कळश्या वाहिल्या होत्या. तरी चवड्यांवर, मांजरासारखा, श्वास धरून तो निघाला. पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं. आपलं पाऊल आपल्यालाच ऐकू येत नाही, हे बघून त्याला बरं वाटलं. झऱ्याच्या कठड्याला हात लागला तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

"जोत्या..."

त्याने वळून पाहिलं. बुवा काठीने चाचपत बांधाच्या मध्यावर येऊन थबकले होते.

"आता कुठं टाकू पाय?"

"माझ्या पावलांवर या की, बुवा!"

"पाऊल कुठाय?"

जोतिरामने खाली बघितलं. पापुद्र्यावर काही म्हणजे काही उमटलं नव्हतं. कुठे जराशी फिकी पुसट खूण, तीही डोळस माणसाला वाकून शोधावी लागेल अशी. तो इथवर आला कसा, ते त्याचं त्यालाच दिसत नव्हतं.

बुवांनी काठी पुढे टेकवली. ती टेकलीच नाही. मुठीपर्यंत सरसर आत गेली आणि म्हातारा तिच्यासोबत पुढे कलला.

"थांबा!" जोतिराम ओरडला. "बुवा, हलू नगा! पाय उचलू नगा!"

बुवा एका पायावर तोल सावरत उभे राहिले. काठी गाळातच राहिली. त्यांना खरंच दिसत नव्हतं, की हे त्यांनी मुद्दाम आरंभलं होतं, देव जाणे. पण गाळ खरा होता आणि वय झालेलं शरीर लटपटत होतं, तेही खरं.

जोतिराम कठड्यावर बसला. पायातले हलके बूट ओढून काढले, गळ्यातले जड चढवले. लेस बांधायला बोटं वळेनात, तशाच खोचल्या. मग तो बांधावर उतरला आणि पाय आपटत निघाला. दण्, दण्. प्रत्येक पाऊल दाबून, टाच रुतवून. चिखल अंगावर उडत होता. तोंडाने तो एकसारखा म्हणत होता, "आलो, बुवा... आलो... हलू नगा..."

मध्यावर पोचला आणि त्याने म्हाताऱ्याचं मनगट धरलं. ते बर्फासारखं गार होतं. भ्याले होते बुवाही. हे जोतिरामने त्यांच्या बाबतीत कधी पाहिलं नव्हतं.

"आता मी वळतो. माझ्या मागनं या. पाऊल दिसतंय का?"

बुवा वाकले. चिखलात खोल, दातेरी तळाचं पाऊल उमटलं होतं. त्यात पाणी जमायला लागलं होतं, ते उन्हात चमकत होतं.

"दिसतंय. आंधळ्यालाबी दिसंल."

एका पावलात दुसरं पाऊल पडत गेलं. झऱ्याशी पोचल्यावर दोघंही कठड्याला टेकून बसले. मग जोतिरामने कळशी बुडवली, बुवांच्या ओंजळीत पाणी ओतलं. ते प्यायले, तोंडावरून हात फिरवला.

"कुठला नेणार?" त्यांनी विचारलं.

जोतिरामने पायातल्या बुटांच्या लेस सोडल्या आणि नीट, घट्ट, वरच्या भोकापर्यंत बांधल्या. हलका जोड कठड्याखाली चिखलात पडला होता. त्याच्याकडे त्याने पाहिलंही नाही.

पण तोंडावरचा काळोख काही गेला नव्हता. उद्याची गाडी होती, आणि गाडीच्या पलीकडे तो उतार होता.

"बुवा..."

"आं?"

"मागच्यास्नी माझं पाऊल घावंल. पर मी समद्यांच्या म्होरं. मी कुणाच्या पावलात पाय टाकू?"

बुवांनी भरलेली कळशी उचलून त्याच्या खांद्यावर दिली.

"अजून भ्या वाटतंय?"

"वाटतंय."

"मग म्होरं तू कुठं हाईस? म्होरं ते भ्या चालतंय. त्याच्या पावलात टाक."